इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर कसं न्यावं

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या एका गावातल्या वाचनालयात नवा कॉम्प्युटर आला. तिथं रेंज पाहिजे तर वरच्या चढावर जावं लागतं. आतेभाऊ म्हणाला, "दादा, येताना मराठी टायपिंगचं आणि व्हिडिओ बघायचं तेवढं घेऊन ये." मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरी बसून सगळं डाउनलोड केलं, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी धरली. पोचल्यावर पोरांच्या घोळक्यात पहिल्या फाइलवर डबल क्लिक केलं. पट्टी जराशी सरकली, थांबली आणि खाली अक्षरं आली : इंटरनेट जोडणी तपासा. ५५ किलोमीटर आलो ते वाया.

झालं होतं असं, की ती फाइल म्हणजे सॉफ्टवेअर नव्हतंच. ते आणायला जाणारा निरोप्या होता. बऱ्याच साइटवरचं मोठं बटण असली छोटी फाइल देतं आणि खरा माल ती इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. म्हणून डाउनलोड झाल्यावर आधी आकार बघा. लिबरऑफिससारखं अख्खं ऑफिस एक-दोन एमबीत मावणं शक्यच नाही, त्याचा पूर्ण इन्स्टॉलर काहीशे एमबीचा असतो आणि मदतीची फाइल वेगळी घ्यावी लागते. क्रोम, फायरफॉक्सचेही पूर्ण इन्स्टॉलर मिळतात. साइटवर 'ऑफलाइन' किंवा 'स्टँडअलोन' शब्द शोधा. घ्यायचं ते मूळ साइटवरूनच.

डाउनलोडच्या आधी समोरच्या माणसाकडून सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानाचा फोटो मागवा. विंडोज कुठली आणि ३२ बिटची की ६४ बिटची, हे त्यात कळतं. विंडोज ११ असेल तर ती ६४ बिटचीच. जुन्या ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचं सॉफ्टवेअर चालत नाही.

आपल्या मशीनवरचं 'प्रोग्राम फाइल्स'मधलं फोल्डर उचलून नेऊ नका. सॉफ्टवेअर बसताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदी करतं, काही फाइली विंडोजच्या फोल्डरांत ठेवतं, ते सगळं मागंच राहतं. 'पोर्टेबल' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर मात्र नुसती कॉपी करून चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघण्याआधी घरीच वाय-फाय बंद करा आणि प्रत्येक इन्स्टॉलर चालवून बघा, शक्यतो ते सॉफ्टवेअर आधी नसलेल्या मशीनवर. तरी एक चकवा राहतो. आपल्या मशीनवर आधीपासून असलेल्या गोष्टी नव्यावर नसतात. मग तिथं 'व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही' असा संदेश येतो. त्यावर उपाय मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल', म्हणजे बऱ्याच सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच. ते सोबत ठेवाच, ६४ बिटच्या विंडोजसाठी त्याच्या ३२ आणि ६४ बिटच्या दोन्ही आवृत्त्या घ्या.

मराठीसाठी फाँटही न्या. नव्या विंडोजमध्ये निर्मला असतो, पण आपल्या सवयीचा मंगल विंडोज १० पासून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' हे मोफत फाँट आहेत. फाइल नेली, राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं की झालं.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, जागा कितीही मोकळी असू दे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी काढून ठेवा. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच ओढा. घाईत ओढला तर फाइल अर्धवट राहू शकते आणि नाव दिसतं पूर्ण. मोठ्या फाइलची खात्री करायची तर सेव्हन-झिप टाका. राइट क्लिकच्या मेनूत एसएचए-२५६ मिळतो, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा लांबलचक आकडा. साइटवर दिलेला आकडा आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलचा आकडा सारखा आला पाहिजे.

तिथं गेल्यावर फाइली आधी डिस्कवर उतरवा, मग चालवा. रीडिस्ट्रिब्युटेबल पहिलं, बाकीचं नंतर. ज्याला ऑनलाइन अॅक्टिव्हेशन, म्हणजे नेटवरून परवान्याची खात्री, लागतं, त्याला काही मिनिटं तरी नेट द्यावं लागतं. त्यासाठी आम्ही दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर चढावरच्या घरी नेला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि काम उरकून परत आणला.

इन्स्टॉलरच्या फाइली तिथंच एका फोल्डरमध्ये ठेवून या, विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर हेलपाटा वाचतो. आणि परत आणलेला पेनड्राइव्ह घरच्या मशीनला लावल्यावर आधी स्कॅन करा, मगच उघडा.