शेताची वाट अडवली? आधी तारीख लिहून ठेवा

आमच्या मोहोळ तालुक्यात ऊसतोड आली की भावकीला बांध आठवतो. शेजाऱ्यानं आमच्या गाडीवाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, वर जेसीबीनं चर मारला. तुटलेला ऊस फडात वाळत पडला आणि मी पाहुण्यांकरवी समजूत घालण्यात पाच महिने घालवले. तसं करू नका.

वहिवाटीचा जुना रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडं दावा लावायचा. मुदत अडवल्यापासून सहा महिने. रस्ता मुळातच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागायचा. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका. माझा पहिला अर्ज त्यापायीच परत आला.

सोबत दोघांचे ताजे सातबारे, गाव नकाशा, हातानं काढलेला कच्चा नकाशा, अडथळ्याचे फोटो.

खरा खेळ स्थळपाहणीचा. त्या दिवशी स्वतः हजर राहा. जुनी चाकोरी, बांधावरचा लिंब, सगळं बोटानं दाखवा. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. आमच्यात ‘पायवाट’ लिहिलं होतं. मी तिथंच ‘गाडीवाट, रुंदी 8 फूट’ करून घेतलं. नाहीतर त्या एका शब्दावर ट्रॅक्टर अडला असता. (वकील नव्हता बरोबर, चष्मा होता.)

143 चा निकाल विरोधात गेला तर दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावता येतो. आणि चर स्वतः बुजवायला खोरं घेऊन जाऊ नका. माझा धाकटा गेला होता, त्याचं प्रकरण पोलिसांत अजून चालू आहे.