सव्हानाचा लाँग वीकेंड: ‘पॉइंट’ न मोजता

आपल्याकडे सहल मोजायची पद्धत ठरलेली आहे. महाबळेश्वरला किती पॉइंट झाले, कोकणात किती देवळं झाली. अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली तरी हे जात नाही. नायगारा दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत. जॉर्जियातल्या सव्हानाला मात्र ही पद्धत घेऊन गेलात तर दुपारपर्यंत सगळं ‘होऊन’ जाईल आणि संध्याकाळी तुम्ही म्हणाल, एवढंच? इथला मुख्य कार्यक्रम झाडाखालच्या बाकावर बसणं हाच आहे. बेत आखायचा तो या बसण्याला जागा राहील असा.

आधी तारीख

ऑक्टोबरमधला कोलंबस डे किंवा फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे घ्या. मेमोरियल डे आणि लेबर डेला उन्हाळ्यातल्या मुंबईसारखं चिकचिकतं आणि दिवसभर पायी फिरायची इच्छा उरत नाही. ऑक्टोबर निवडलात तर हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, कारण वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. मार्चमध्ये अझेलिया फुलतात, शहर फार सुंदर दिसतं; पण 17 मार्चच्या आसपास सेंट पॅट्रिक्स डेची मोठी मिरवणूक असते. तेव्हा खोल्यांचे भाव चढतात आणि शांतता मिळत नाही. वसंतात आणि शरदात चावरी चिलटंही असतात, त्यासाठी फवारा बॅगेत टाका.

मग मुक्काम

अटलांटाहून साधारण 250 मैल, चार तास: 75 नंबरच्या हायवेनं मेकनपर्यंत आणि तिथून 16 नंबर धरून सरळ. शार्लटहूनही जवळपास तेवढंच. चार्ल्सटन किंवा जॅक्सनव्हिलहून दोन तासांत पोचता.

पैसे वाचवायला विमानतळाजवळ, हायवेलगत राहायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: बाहेर तीन रात्री राहण्यापेक्षा जुन्या शहरात दोन रात्री राहा. नदी आणि फोर्साइथ पार्क यांच्या मधला भाग बघा. इथं गाडी एकदा लावली की थेट निघतानाच काढायची. दुपारी खोलीवर येऊन पडता आलं पाहिजे, नाहीतर आराम कसला? हॉटेल पार्किंगचे वेगळे पैसे घेतं का, ते आधीच विचारा. आई-बाबा सोबत असतील तर लिफ्ट आहे का हेही विचारा. जुन्या घरांत दिवाणखाना वरच्या मजल्यावर आणि रस्त्यापासून दारापर्यंत उंच जिना, अशी इथली रचना. फोटोत छान दिसते, गुडघ्यांना कळते.

पहिला दिवस: एकच रस्ता

12 फेब्रुवारी 1733 रोजी जेम्स ओगलथॉर्प इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांना घेऊन नदीकाठच्या उंचवट्यावर उतरला. त्यानं आखलेला नकाशा आजही पायांना कळतो. मधे मोकळा स्क्वेअर, पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी जागा, उत्तर-दक्षिणेला घरांच्या ओळी. शहर वाढलं तसा हाच साचा पुढे पुढे जोडत नेला. असे 24 स्क्वेअर झाले, त्यातले 22 आज आहेत. गाड्यांना प्रत्येक ठिकाणी वळसा घालावा लागतो, त्यामुळे वेग आपोआप उतरतो.

सकाळी नदीकडून निघा आणि बुल स्ट्रीट धरून दक्षिणेला चाला. जॉन्सन, राइट, चिप्पेवा, मॅडिसन, माँटेरे असे पाच स्क्वेअर लागतात आणि शेवटी फोर्साइथ पार्क, 1858 च्या कारंज्यासह. न थांबता चाललात तर हे अर्ध्या तासाचं अंतर आहे. तुम्ही पूर्ण सकाळ द्या. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा म्हणजे स्पॅनिश मॉस. ते ना स्पेनचं, ना शेवाळ. अननसाच्या कुळातली ही वनस्पती हवेतल्या ओलाव्यावर जगते. जमिनीवर पडलेला गुंता मुलांना उचलू देऊ नका, त्यात बारीक किडे असतात.

राइट स्क्वेअरमध्ये जरा जास्त वेळ बसा. ओगलथॉर्पला जागा देणारा, इथल्या मूळ रहिवासी यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची इथं पुरला होता. 1880 च्या दशकात त्याच जागी रेल्वे कंपनीचे संस्थापक विल्यम गॉर्डन यांचं स्मारक उभं राहिलं. मग गॉर्डन यांच्याच सुनेच्या पुढाकारानं 1899 मध्ये टोमोचिचीसाठी कोपऱ्यात एक ग्रॅनाइटची शिळा बसवली. उपकार करणारा कोपऱ्यात आणि रेल्वेवाले मधोमध, हे बघून काय वाटायचं ते वाटू द्या. याच सुनेची मुलगी ज्युलिएट गॉर्डन लो हिनं 1912 मध्ये याच शहरात गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेची सुरुवात केली. घरात कुकीज विकणारी मुलगी असेल तर जवळच असलेलं तिचं जन्मघर टाळता येणार नाही.

मॅडिसन स्क्वेअरवरच्या ग्रीन-मेल्ड्रिम घरात यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती जनरल शर्मन उतरला होता. डिसेंबर 1864 मध्ये त्यानं हे शहर जाळलं नाही. लिंकनला तार करून नाताळची भेट म्हणून दिलं. शहर वाचलं म्हणून आज आपण इथं येतो. पण ते पुन्हा हातचं जायची वेळ 1950 च्या दशकात आली होती. 1954 मध्ये एलिस स्क्वेअरवरची जुनी मंडई पाडून तिथं पार्किंगची इमारत बांधायला घेतली. पुढचा घाव डेव्हनपोर्ट हाउसवर पडणार होता. सात बायका एकत्र आल्या, पैसे जमवून त्यांनी 1955 मध्ये ते घर वाचवलं आणि तिथून जतनाची चळवळ उभी राहिली. एलिस स्क्वेअर 2010 मध्ये पुन्हा मोकळा झाला. गाड्या आता त्याच्या खाली लागतात.

दुसऱ्या सकाळी, ऊन चढायच्या आत

सुंदर घरं बघताना ती कोणाच्या जिवावर उभी राहिली हा प्रश्न इथं टाळता येत नाही, टाळूही नये. जॉर्जिया वसाहतीचा कारभार बघणाऱ्या विश्वस्तांनी 1735 मध्ये गुलामगिरीला बंदी घातली होती. ती 1751 पर्यंतच टिकली. पुढे कापसानं सगळं बदललं. 1859 च्या मार्चमध्ये शहराबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर 400 हून अधिक माणसांचा दोन दिवस लिलाव चालला. त्याला ‘वीपिंग टाइम’, म्हणजे रडण्याची वेळ, म्हणतात.

ओवेन्स-थॉमस हाउसमध्ये मालकांच्या दिवाणखान्याबरोबर मागच्या गुलामांच्या खोल्याही दाखवतात. छताला तेव्हाचा निळा रंग अजून आहे. फ्रँकलिन स्क्वेअरवरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च गुलाम सभासदांनी दिवसाचं काम उरकून रात्री बांधलं. तळघराच्या जमिनीतली भोकं खाली लपलेल्या, पळून आलेल्या गुलामांना हवा मिळावी म्हणून होती, असं तिथं सांगतात. या दोन्हींची वेळ आधी राखून ठेवा. मुलांना न्यायचं का? दहा वर्षांपुढच्यांना जरूर न्या. त्या सकाळी दुसरं काही ठेवू नका.

जेवणाचं

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवायचं: दक्षिणेत भाजी म्हणजे शाकाहारी असं नाही. कोलार्डचा पाला आणि घेवडा बहुतेक वेळा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासह शिजतात. प्रत्येक पदार्थात मांस किंवा रस्सा आहे का ते विचारा. तळलेले हिरवे टोमॅटो, पिमेंटो चीज, कॉर्नब्रेड बहुधा चालतात. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, वर लोणी. पाण्यात शिजवल्यात की कोंबडीच्या स्टॉकमध्ये, एवढं विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी कोळंबी-ग्रिट्स चुकवू नये. जोन्स स्ट्रीटवरच्या मिसेस विल्क्सकडे अनोळखी लोकांच्या पंगतीत बसून वाडगे फिरवत जेवतात. पण ते फक्त आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी, म्हणून शुक्रवारी लवकर पोचलात तरच जमेल. लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम 1919 पासूनचं आहे आणि रांगही तशीच जुनी वाटते.

बाहेरचं एकच

बोनाव्हेंचर दफनभूमी, वर्म्सलोची ओकची दीड मैलांची कमान, फोर्ट पुलास्की, टायबी बेटाचा किनारा. चारही चांगली. एकच निवडा. मुलं असतील तर टायबी, दीपगृहाच्या 178 पायऱ्या त्यांना दमवतात. नसतील तर बोनाव्हेंचर.

उरलेल्या संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटवर घालवा. तिथले दगड जुन्या जहाजांच्या भारतोलाचे, ओबडधोबड. चपला सपाट घाला, आणि आजी-आजोबांना उंच दगडी पायऱ्यांऐवजी लिफ्टनं उतरवा. नदी ओलांडणारी फेरी फुकट आहे. पलीकडे विशेष काही नाही, पण जाऊन यायला मजा येते.

सोमवारी दुपारच्या आत निघा. गॅस सव्हानातच भरून घ्या. 16 नंबर दीडशे मैल पाइनच्या झाडांतून सरळ जातो आणि थांबण्यासारखं फारसं काही लागत नाही. मेकनला जेवायचं की थेट अटलांटा गाठायचं, ते मागच्या सीटवरच्यांना ठरवू द्या.