नवेगाव उद्यानालगतच्या मामा तलावांचे पाणी: धान कापणीनंतरचा सल्ला

हलका (लवकर येणारा) धान घरी आला, भारी (उशिरा येणारा) धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतात, पिवळा पडतोय. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी तालुक्यांत ज्यांचे ओलित मामा (माजी मालगुजारी) तलावावर आहे, त्यांनी तलावात किती पाणी उरले ते याच आठवड्यात पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) जाऊन पाहावे. डिसेंबरात उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपे) टाकले की मग पाणी राखायला कोणीच तयार नसते.

माझे मत स्पष्ट आहे: तलाव निम्म्याच्या खाली असेल तर यंदा उन्हाळी धान घेऊ नका. या धानाला हंगामभर सुमारे १२०० ते १५०० मिलिमीटर पाणी लागते, हरभऱ्याचे २०० ते २५० मिलिमीटरमध्ये भागते. म्हणजे एका एकर धानाच्या पाण्यात हरभऱ्याचे चार-पाच एकर सहज निघतात आणि नहरीच्या (कालव्याच्या) शेपटाकडच्या शेतकऱ्यालाही पाण्याची पाळी मिळते.

हरभरा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरून घ्या. धानाच्या बांधीत मर रोगाचा धोका असतो, म्हणून बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा आणि नंतर रायझोबियम चोळा. पाणी दोनदाच द्यायचे: एक फुलकळी लागताना, दुसरे घाटे भरताना. पाणी आहे म्हणून तिसरी पाळी देऊ नका. भारी जमिनीत झाड नुसते माजते, घाटे कमी धरतात.

भारी धानात उतेरा, म्हणजे उभ्या धानात फेकून पेरलेले दुसरे पीक, घ्यायचा असेल तर कापणीच्या १० ते १५ दिवस आधी, बांधीत ओल असताना लाखोळी (लाख डाळ) किंवा जवस फेका. साचलेले पाणी आधी काढा, नाहीतर बी सडेल. जवसाला जनावरे फारसे तोंड लावत नाहीत. म्हणून जंगलाला भिडलेल्या बांध्यांत जवस आणि गावाजवळच्या बांध्यांत हरभरा अशी वाटणी केली तर चितळ-रानडुकरांचा त्रास बराच कमी होतो.

आता तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार. ते कोणत्या पातळीला बंद करायचे, हे पाणकर (पाणी वाटणारा), मासेमारी करणारे ढिवर बांधव आणि ओलित करणारे सगळे मिळून आत्ताच ठरवा आणि त्या पातळीची खूण पाळीच्या दगडावर रंगाने करा. त्या खुणेखालचे पाणी कोणी उपसायचे नाही, डिझेल पंपानेही नाही. त्या पाण्यात मरळीसारख्या माशांचे बीज जगते, गावच्या विहिरींना झिरपा मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जंगलातली जनावरे तिथे येतात. तलाव आटला की तीच जनावरे पाण्यासाठी गावाच्या विहिरीकडे आणि गोठ्याकडे वळतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी १८व्या शतकात बांधला. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण पाळीची निगराणी आजही गावानेच करावी लागते.

पाण्याची पाळी दिवसाचीच मागा. तुडुमाचे पाणी उताराने येते, त्याला विजेची वाट पाहावी लागत नाही. मग वाघ-बिबट्याच्या भागात रात्री बांधीत वाकून पाणी वळवायचे कशाला? दिवसाही दोघे-तिघे मिळून जा.

कुंपणात जिवंत तार कधीच सोडू नका. तिने रानडुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा मरू शकतो, आणि वन्यजीव मेला तर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाला श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते, वनरक्षकाकडे चौकशी करा. पिकाचे किंवा पुंजण्याचे (रचून ठेवलेल्या धानाच्या ढिगाचे) नुकसान झाले तर ३ दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फवारणीचा पंप तलावात धुऊ नका. हिवाळ्यात बाहेरून आलेली बदके इथे उतरतात, सारस तर राज्यात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरले आहेत. विष कालवलेले दाणे बांधीत टाकले तर तेच मरतात. धसकटही पेटवू नका. आग जंगलात शिरायला एक वारा पुरतो.

तुडुमातून गळती होत असेल तर तोवर माती-गवताने बुजवा आणि ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला लेखी कळवा. पाळीवर उगवलेली बेशरम (एक चिवट रानझुडूप) मुळासकट काढायची तर ओल आहे तोवरच निघते, जानेवारीत जमीन दगडासारखी होते.