कुडलचा शिलालेख बघायचा तर टॉर्च बाजूने धरा

सोलापूरहून हत्तरसंग कुडलला गट नेताय? भीमा-सीनेच्या संगमावरच्या या देवळातला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख बहुतेकांना दिसतच नाही. टॉर्चचा झोत समोरून मारला की अक्षरं सपाट होतात. तो दगडालगत, आडवा धरा. खाचांत सावली पडून अक्षरं उठून दिसतात. खडू, पाणी, तेल काहीही लावू नका, बोटही फिरवू नका. वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे ती. पोरं हट्टाने वाचतात! बहुमुखी शिवलिंगावरचे चेहरे मोजायला वेगळा वेळ ठेवा, ते 359 आहेत. उन्हाळ्यात सकाळीच निघा, दुपारी दगड तापतो.