'अमेरिकेने ठरवलं' असं कोणी म्हणालं की आधी विचारा, नेमकं कोणी?

२० सप्टेंबर २०२५, शनिवार सकाळ, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. फॅमिली ग्रुप उघडला तर सत्तर मेसेज. "अमेरिकेने एच-वन-बी (तिकडे नोकरीला जाणाऱ्यांचा व्हिसा) बंद केला", "दर वर्षी एक लाख डॉलर भरावे लागणार", "रविवारच्या आत परत पोचा नाहीतर कायमचे बाहेर". माझा मामेभाऊ त्याच आठवड्यात वडिलांच्या श्राद्धाला न्यू जर्सीहून पुण्याला आलेला, वहिनी आणि पोरगी तिकडेच. मामी वड्याचं पीठ दळून आणायला निघालेली ती तशीच दारात उभी. त्याने तासाभरात अव्वाच्या सव्वा दराने तिकीट काढलं, आणि मध्यरात्रीपर्यंत व्हाइट हाऊसकडून खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना आहे, एकदाच आहे, आधीच व्हिसा असलेल्यांच्या येण्याजाण्याला काही होत नाही. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून आमच्या घरात मी एक पद्धत लावलीये, तीच इथे सांगते. अमेरिकेची कुठलीही बातमी आली की पहिला प्रश्न हाच, हे नेमकं कोणी केलं? कारण तिकडे 'सरकार' म्हणून एकच दार नाहीये, तीन आहेत, आणि तिघांनी एकमेकांच्या दाराला कडी घालावी अशी सोय १७८७ साली फिलाडेल्फियात बसून मुद्दाम करून ठेवलीये. त्यांच्या घटनेचं पहिलं कलम काँग्रेसचं, दुसरं राष्ट्राध्यक्षाचं, तिसरं कोर्टाचं, याच क्रमाने.

आधी काँग्रेस. आपल्याकडे हा शब्द ऐकला की पंजा दिसतो त्यामुळे माझ्या काकांना अजूनही वाटतं की ट्रम्पला तिकडेही काँग्रेसच त्रास देते :) पण तिकडची काँग्रेस म्हणजे संसद. दोन सभागृहं, हाऊसमध्ये ४३५ जण, दर दोन वर्षांनी सगळ्यांची निवडणूक, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन असे १०० जण, सहा वर्षांची मुदत. (आपले श्री ठाणेदार, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, ते मिशिगनमधून २०२३ पासून हाऊसमध्ये आहेत.) कायदा करणं आणि पैसा मंजूर करणं हे फक्त यांचं काम. एच-वन-बीचा वर्षाचा आकडा ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, हा कायद्यात लिहिलेला आहे, राष्ट्राध्यक्षाने सकाळी उठून तो दीड लाख करतो म्हटलं तरी होत नाही.

इथे पहिली चूक होते ती 'बिल' या शब्दापाशी. बिल कोणीही सदस्य मांडू शकतो, हजारोंनी मांडली जातात, बहुतेक कमिटीतच मरतात. बिल मांडलं ही बातमी म्हणजे पत्रिका बघायला मागवली इतकंच, मुहूर्त वगैरे फार लांब. एक उदाहरण नीट बघा कारण ते आपल्या लोकांना चांगलंच लागलेलं आहे. ग्रीन कार्डात (म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्यात) एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही असा नियम आहे, त्यामुळे भारतीयांची रांग संपत नाही. ही मर्यादा नोकरीवरच्या ग्रीन कार्डांसाठी काढायचं बिल हाऊसने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास केलं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो. मग ते सिनेटमध्ये अडकलं, दीड वर्षाने, डिसेंबर २०२० मध्ये, सिनेटने पास केलं ते पण मजकूर बदलून. आता दोन्ही सभागृहांनी शब्दन्‌शब्द एकच मजकूर पास केल्याशिवाय बिल राष्ट्राध्यक्षाकडे जातच नाही, तो मेळ बसला नाही, ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि बिल आपोआप मेलं. दोन्ही घरांनी होकार दिला, मंगल कार्यालय बुक झालं आणि लग्न मोडलं, तशातली गत. नव्या काँग्रेसमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय सिनेटमध्ये बहुतेक बिलांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. हे घटनेत कुठेही नाही बरं का, सिनेटचा स्वतःचा नियम आहे, त्यामुळे ५३ लोक असलेला पक्षसुद्धा हात चोळत बसतो. म्हणून बातमीत 'सिनेटमध्ये बहुमत आहे म्हणजे झालंच' असं वाचलं तर विश्वास ठेवू नका.

दोन्हीकडून पास झालं की राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस. सही केली तर कायदा, नुसता गप्प बसला तरी कायदा, फक्त त्या दहा दिवसांत काँग्रेस सत्र संपवून घरी गेली तर मात्र त्याच्या गप्प बसण्यानेच बिल मरतं. आणि व्हेटो केला, म्हणजे नकार देऊन परत पाठवलं, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणून तो मोडता येतो. असं क्वचित होतं. ओबामांच्या आठ वर्षांत एकदाच झालं, २०१६ साली.

आता राष्ट्राध्यक्ष. हा माणूस टीव्हीवर इतका दिसतो की सगळं तोच करतो असं वाटतं, आणि गोंधळ इथेच सगळ्यात जास्त. त्याने सही केलेला कागद आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे स्वतःच्या खात्यांना दिलेला हुकूम. आपल्याकडच्या शासन निर्णयाच्या जवळपास जाणारी गोष्ट, अगदी तीच नाही पण डोक्यात ठेवायला बरं. तो हुकूम टिकेल का हे बघायची एक जुनी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. १९५२ साली कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत ६ विरुद्ध ३ ने ते रद्द केलं. त्या निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने अधिकार दिलाय आणि राष्ट्राध्यक्ष तो वापरतोय, तर त्याची बाजू सगळ्यात भक्कम. काँग्रेस गप्प आहे, तर धूसर, काहीही होऊ शकतं. काँग्रेसने जे केलंय किंवा सांगितलंय त्याच्या विरुद्ध चाललाय, तर सगळ्यात कमजोर.

हे एक लाख डॉलरवाल्याला लावून बघा. त्या कागदात आधार कशाचा घेतला होता? १९५२ च्याच इमिग्रेशन कायद्यातल्या एका कलमाचा, ज्यात काँग्रेसनेच राष्ट्राध्यक्षाला परदेशी लोकांचा 'प्रवेश' थांबवायची मुभा देऊन ठेवलीये. म्हणजे हवेतून काढलेलं नव्हतं. पण प्रवेश थांबवणं आणि एवढी मोठी फी लावणं एकच का, असा प्रश्न लगेच निघतो, आणि वकील तिथेच बोट ठेवतात. कागद नीट वाचला की भांडण कुठे होणार ते आधीच कळतं. आणि कागदच वाचा, बोलणं नाही, कारण त्यांचे वाणिज्य मंत्री त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर 'दर वर्षी' म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊस म्हणालं 'एकदाच'. माझ्या मामेभावाचं तिकीट त्या दोन शब्दांच्या मधे गेलं.

तिसरा प्रकार म्हणजे खात्याने केलेला नियम, हा ना कायदा ना ऑर्डर. एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या काही बायकांना (आणि नवऱ्यांनाही, असतात) काम करायची परवानगी मिळाली ती २०१५ च्या अशा नियमाने, ओबामांच्या काळात. वहिनी त्यावरच नोकरी करते. ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये हा नियम काढणार काढणार म्हणून चार वर्षं तिची झोप उडालेली, पण तो निघाला नाही, कारण असा नियम काढायचा तरी साधारणपणे आधी मसुदा छापायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्यांना उत्तरं द्यायची, मग अंतिम नियम. सहीसरशी जात नाही. दुसरीकडे त्याविरुद्ध कोर्टात केस चालूच होती, ती वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २०२४ मध्ये नियमाच्या बाजूने निकाली काढली.

कोर्टांचं बघताना एकच बघायचं, कुठल्या पायरीवरचं कोर्ट. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, मधे १३ अपील कोर्टं, वर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. 'कोर्टाने ट्रम्पला दणका दिला' अशी हेडलाइन असते तेव्हा बहुतेक वेळा खालच्या पायरीवरच्या एका न्यायाधीशाची तात्पुरती स्थगिती असते. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारी ट्रम्पची ऑर्डर २० जानेवारी २०२५ ला निघाली, सिएटलच्या न्यायाधीशांनी तीन दिवसांत अडवली, आणि जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की एकेका डिस्ट्रिक्ट जजने सगळ्या देशाला लागू होईल अशी स्थगिती देऊ नये, फिर्यादीपुरती द्यावी. लक्षात घ्या, नागरिकत्वावर तेव्हा काहीच निकाल नव्हता, भांडण स्थगिती किती लांब पोचते याचं होतं. पण ग्रुपवर काय आलं? "सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व बंद केलं." चुलतबहीण सहा महिन्यांची गरोदर होती तिकडे, तिला फोन करून हे समजावण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

गंमत म्हणजे कायदा रद्द करायचा अधिकार कोर्टाला आहे असं घटनेत सरळ कुठे लिहिलेलंच नाही, तो १८०३ च्या मार्बरी खटल्यात कोर्टाने स्वतःच सांगितला आणि तो टिकला. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मंजूर करतं, आणि नेमणूक तहहयात. सिनेटच्या मनात नसेल तर? २०१६ मध्ये ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेल्या मेरिक गारलँड यांची साधी सुनावणीही सिनेटने घेतली नाही, वर्ष काढलं तसंच.

आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं ते म्हणजे सरकार 'पडत' का नाही. तिकडचे मंत्री (त्यांना सेक्रेटरी म्हणतात, आपला सचिव नव्हे) काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत, अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. बजेट अडलं तर सरकार पडत नाही, सरकारी कामकाजाला कुलूप लागतं (शटडाऊन). २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस लागलं होतं. बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, ही पद्धत त्यांना नीट माहीत होती, ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त मिळतं पण जबाबदारी कमी, आणि आपल्या घटनेच्या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलंय. इम्पीचमेंट (महाभियोग) आहे, पण हाऊसने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागणार, तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा झालं, एकालाही काढता आलं नाही. १८६८ ला अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला.

तर आता मेसेज आला की मी काय करते. बिल असेल तर त्याचा नंबर मागते, नंबर नसेल तर तो मेसेज तिथेच संपला. नंबर असेल तर काँग्रेसच्या सरकारी साइटवर टाकते, वर एक पट्टी दिसते, मांडलं, हाऊसने पास केलं, सिनेटने पास केलं, राष्ट्राध्यक्षाकडे गेलं, कायदा झाला, यातलं कुठलं खूण केलेलं आहे बघते. ऑर्डर असेल तर व्हाइट हाऊसच्या साइटवर मूळ कागद, त्यात 'कधीपासून लागू' आणि 'कोणाला लागू नाही' हे दोन परिच्छेद आधी, वरचं भाषण नंतर. कोर्टाचं असेल तर पायरी कुठली आणि तात्पुरतं की अंतिम. पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात कोणी तिकीट काढू नये म्हणून ग्रुपवर आधी फक्त "थांबा, बघते" एवढंच टाकते.