पॅनेल शेडमध्ये आणण्याआधी

पोरांनो, गुरुवारी उद्यमनगरात यायच्या आधी एवढं करून या. कार्बन फायबरच्या पॅनेलला मार बसला की वरून ओरखडाही दिसत नाही, आत मात्र थर सुटलेले असतात. ते माणसानं न बघता यंत्रानं सांगायचं, असा आपला खेळ. चार पिझो चकत्या (वीज दिली की थरथरतात, थरथर पोचली की वीज देतात) चिकटवायच्या, एकीनं लहर सोडायची, तिघींनी ऐकायची. लहर बदलून पोचली की आत बिघाड.

चकत्या 10 मिमीच्या घ्या. प्रत्येकीवर नंबर घालून कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) वहीत लिहा, चिकटवण्याआधी आणि नंतरही. पुढं आकडा चढला तर चकती सुटत आलीय, उतरला तर तडकलीय. हे लिहिलं नाही तर सेन्सरचं दुखणं पॅनेलच्या माथी माराल. आणि कार्बनमधून करंट जातो हे विसरू नका. मी विसरलो होतो. चारही चकत्यांच्या खालच्या बाजू पॅनेलमधूनच एकमेकींना जोडल्या गेल्या आणि एक अख्खा दिवस पडद्यावर नुसता गोंधळ. मध्ये काचेच्या कापडाचा पातळ थर हवाच.

जागा बारीक पॉलिश पेपरनं घासा, अ‍ॅसिटोननं पुसा, अ‍ॅराल्डाइट लावा, वर प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन. रात्रभर हलवू नका. मिसळ खाऊन येईपर्यंत वाळेल असं ज्याला वाटतं त्यानं परत सगळं खरवडायची तयारी ठेवावी. सोल्डरिंगची गन टेकवा आणि लगेच उचला. जास्त तापली की चकतीचा गुणच जातो.

आता शेडमध्ये आल्यावरचं खरं काम. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचं आणि दुपारी दोनचं पॅनेल एक नसतं. तापमान बदललं की लहरीचा वेग बदलतो, आणि चारपाच अंशांचा फरकसुद्धा बिघाडासारखा दिसतो. म्हणून धडधाकट पॅनेलची रीडिंग दोन दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, दर अर्ध्या तासानं. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) भिंतीवर नको, पॅनेललाच चिकटवा. नवीन रीडिंग त्याच तापमानाच्या जुन्या रीडिंगशी ताडायचं. धोक्याची रेघ कुठं मारायची हेही त्या दोन दिवसांच्या चढउतारावरनंच ठरतं, आपल्या अंदाजानं नाही. प्रोग्रॅम कितीही भारी लिहा, ही वही नसेल तर तो रोज दुपारी बोंब मारणार.

शेजारच्या पॉवर प्रेसची काळजी नको. आपली लहर 150 किलोहर्ट्झच्या आसपास, तो दणका त्याहून कितीतरी संथ, म्हणून बहुतेक फिल्टरमध्येच गळतो. ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या डब्यावर) चालणाऱ्या मशीनची खरखर मात्र वायरीतून येते, तेव्हा शिल्डेड केबल आणि नीट अर्थिंग. शिवाय अ‍ॅव्हरेजिंग लावा, म्हणजे तीच लहर पुन्हापुन्हा सोडून सरासरी घ्या, 64 वेळा पुरे.

पहिल्याच दिवशी पॅनेलला मार द्यायला वरून गोळा टाकायचा नाही. आधी पुट्टीचा गोळा चिकटवा, सिग्नल बदलतो का बघा. काढल्यावर पहिल्यासारखा झाला पाहिजे. नाही झाला तर पुढं जाऊ नका. खरा मार सगळ्यात शेवटी, आणि यंत्राचं उत्तर बघायच्या आधी एकानं रुपयाच्या नाण्यानं पॅनेल वाजवत जायचं. जिथं आवाज बद्द येतो तिथं खूण. खडू पांढरा आणा, काळ्या पॅनेलवर पेन्सिल दिसत नाही.