कासवाला लागलंय? जखमेसोबत त्याचं घरही बघा

जमिनीवरच्या पाळीव कासवाच्या कवचाला तडा गेला की बऱ्याच जणांना वाटतं, वरचं टरफलच तर आहे, येईल भरून आपोआप. तसं नसतं हो. कवच म्हणजे जिवंत हाड, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात, वर फक्त केरॅटिनचा पातळ थर, आपल्या नखांत असतं तेच. हाडाला रक्त पोचतं, नसा असतात, म्हणजे त्याला दुखतं, फक्त ते ओरडत नाही. शिवाय पाठीच्या कवचाला आतून लागूनच फुफ्फुसं असतात, त्यामुळे वरची चीर कितीही बारीक दिसली तरी हलक्यात घेऊ नका.

आधी रक्त थांबवा. स्वच्छ गॉझ नाहीतर धुतलेलं सुती कापड घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, सारखं उचलून थांबलं का थांबलं का बघायचं नाही. कासव दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी धरून उचला, खालची बाजू बघायची म्हणून उलटं करू नका, उताणं पडलं की आतल्या अवयवांचा भार फुफ्फुसांवर येतो आणि आधीच घाबरलेल्या जिवाला श्वास घेणं अजून अवघड होतं. खालून बघायचंच असेल तर तसंच सरळ आपल्या डोक्याच्या वर उचलून धरा आणि खालून बघा.

आता हे नीट वाचा. चिरेतून श्वासासोबत बुडबुडे येतायत, कवचाचा तुकडा हलतोय, आतलं काही दिसतंय, मागचे पाय ओढत चालतंय, नाकातोंडातून रक्त येतंय, यातलं एक जरी असेल तर घरी काही करत बसू नका, जखमेवर ओलसर केलेला स्वच्छ गॉझ सैलसर ठेवा, भोकं असलेल्या खोक्यात टॉवेल अंथरून त्यात ठेवा, अंधार आणि ऊब राहील असं बघा आणि सरळ व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे. निघण्याआधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी बघता का, कारण कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरसुद्धा कासव क्वचितच हाताळतात. एक्स-रे बहुतेक वेळा काढावाच लागतो.

कुत्रा चावला असेल तर जखम टाचणीएवढी असली तरी दाखवाच. दातासोबत जंतू खोल जातात, वरून कातडी बंद होते आणि आत सडत राहतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, घट्ट चीजसारखा गोळा होतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही, कापूनच काढावा लागतो. डोळ्यामागे, कानाच्या जागी फुगवटा दिसला तर तोही बहुतेक असाच गळू असतो, तो दाबून फोडायला जाऊ नका.

किरकोळ खरचटलं असेल तर घरी करता येतं. कोमट सलाईनने माती, गवत, केस सगळं धुऊन काढा, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात टाकून फिक्क्या चहाच्या रंगाचं करा आणि त्याने पुसा. सरळ बाटलीतलं ओतू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, स्पिरिट तर अजिबात नको, या दोन्हींनी भरत आलेल्या पेशीच मरतात. आणि ते इन्स्टंट ग्लू किंवा एपॉक्सीने तडा चिकटवायचं प्रकरण, व्हिडिओत भारी दिसतं पण जखम जंतूमुक्त झालेली नसेल तर तुम्ही इन्फेक्शन आत कोंडून वरून झाकण लावताय. कवच जोडायचं काम डॉक्टरांचं.

औषधांबद्दल एकच गोष्ट ठळक लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात पडलेलं असतं म्हणून कुणीतरी लावतं किंवा पाजतं, तसं करू नका. माणसांच्या पेनकिलरही नकोत, दुखण्यावर काय द्यायचं ते व्हेट ठरवेल.

माश्या हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. उघड्या जखमेवर माशी बसली, अंडी घातली, की एका दिवसात अळ्या होऊ शकतात. म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत कासव घरात, जाळीच्या आत, आणि जखम रोज बघायची, शेपटीजवळची घडी पण.

बरं होण्यासाठी वेगळी तात्पुरती जागा करा. मोठा प्लास्टिकचा टब चालतो, बाजू पारदर्शक असतील तर बाहेरून कागद चिकटवा, नाहीतर ते दिवसभर भिंतीला धडका देत राहतं. खाली माती, भुसा काही नको, फक्त छापील नसलेला कागद नाहीतर पेपर टॉवेल, रोज बदलायचा. एका कोपऱ्यात लपायला खोकं. आणि ऊब, ही खरी औषधाइतकी महत्त्वाची. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही, थंड असलं की पचन, रोगप्रतिकार सगळं मंदावतं आणि अँटिबायोटिकसुद्धा नीट काम करत नाही. बहुतेक जमिनीवरच्या जातींना बल्बखाली 32 ते 35 अंश आणि दुसऱ्या टोकाला 24-25 अंश असं ठेवा म्हणजे ते स्वतः जागा निवडेल, रात्रीचं तापमान जातीनुसार विचारून घ्या. मोजायचं थर्मामीटरने, हात लावून नाही. त्या वर्षी थंडीची झोप रद्द, जखमी कासवाला झोपवायचं नसतं.

पाणी मात्र जपून. निरोगी कासवाला कोमट उथळ पाण्यात 15-20 मिनिटं बसवलं की ते पितं, शी-शू करतं, अंगातलं पाणी टिकतं. पण कवच आतपर्यंत फुटलं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात ठेवू नका. खात नसेल तर जबरदस्ती तोंड उघडू नका, कोरड्या पडलेल्या कासवाला आधी पाणी लागतं आणि मग अन्न. आठवड्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, तब्येत बिघडत असली तर बऱ्याचदा डोळ्यांआधी काटा सांगतो. हात धुवा प्रत्येक वेळी, कासवात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्याचा टब किचनच्या सिंकमध्ये धुवायचा नाही.

आता घर. लागलं कशामुळे ते शोधल्याशिवाय त्याच जागेत परत सोडण्यात अर्थ नाही. पडलं असेल तर ते चढलं कुठून ते बघा. जाळीच्या भिंतीवर कासवं चढतात, खरंच चढतात, आणि कोपऱ्यात तर दोन भिंतींना पाय टेकून बऱ्यापैकी वर जातात. म्हणून भिंती गुळगुळीत आणि आरपार न दिसणाऱ्या, उंची कासवाच्या लांबीच्या दुप्पट तरी, आणि कोपऱ्यांवर आडवी फळी. बाहेर असेल तर कुंपण जमिनीत 30 सेंटिमीटर खाली न्या, खणणाऱ्या जाती असतील तर अजून खोल. वरून जाळी हवीच, पिल्लू कासव असेल तर कावळा उचलतो आणि झोपलेल्या कासवाचे पाय उंदीर कुरतडतात, म्हणून रात्री बंद खोक्यात.

उताणं पडायचा धोका सपाट रिकाम्या जागेत जास्त, कारण पाय टेकवायला काही मिळत नाही, त्यात वर हीट लॅम्प असेल तर ते तिथेच भाजून मरू शकतं. लॅम्पखाली चढ-उतार ठेवू नका, रुंद चपटा दगड पुरे, बाकी जागेत झुडपं, लाकडाचे ओंडके टाका. लॅम्प साखळीने पक्का टांगा, नुसत्या क्लिपवर भरवसा ठेवू नका. गरम होणारे दगड विकत मिळतात ते घेऊ नका, पोटाकडून भाजतं आणि ते तिथून हलत पण नाही.

दोन नर एकत्र असतील तर घर कितीही सुधारा, जखमा होतच राहणार. धडका, पाय चावणं, सतत पाठलाग. वेगळे करा, मधली भिंत अशी की एकमेकांना दिसणार नाहीत. नर मादीच्या मागे लागत असेल तरी हेच.

यूव्हीबीशिवाय, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय, कवच जुळायला लागणारं कॅल्शियम शरीरात नीट शोषलंच जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. एकतर थेट ऊन, सोबत सावली, नाहीतर यूव्हीबी देणारी ट्यूब, आणि ट्यूब पेटत असली तरी साधारण वर्षभरात बदलायची. कटलबोन म्हणजे समुद्रफेस आत टाकून ठेवा, वाटलं की कुरतडेल. खायला तंतुमय पाला, रानातलं तण, गवत. ब्रेड, दूध, कुत्र्यामांजराचं खाणं नाही.

कायमच्या घरात खाली माती आणि कोकोपीट एकत्र करून घाला, नुसती वाळू नको, खाण्यासोबत पोटात जाऊन साचते. जागा जितकी मोठी तितकी बरी, मध्यम आकाराच्या प्रौढ कासवाला निदान 8 बाय 4 फूट.

कातडीची जखम काही आठवड्यांत भरते, कवचाला मात्र महिने लागतात, कधी वर्षाच्या वर, थंडीत तर भरणं जवळपास थांबतं. घाई करून परत मातीत सोडू नका, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी दिवसा एखादा तास, मग वाढवत न्या, आणि संध्याकाळी आत घेताना जोड असलेली जागा बघा, ओल, वास किंवा मऊपणा जाणवला तर पुन्हा कागदावर आणि फोन व्हेटला.